एप्रिलमधली राय

पिट्सबर्गला पोचल्यावर पहिली निराशा पुलाने केली. ॲलेघेनी नदीवरचा रॉबर्टो क्लेमेंटे पूल सामन्याच्या दिवशी गाड्यांना बंद करतात आणि माणसांना मोकळा सोडतात. काळ्या-सोनेरी टोप्या घातलेली माणसं त्यावरून चालत नदी ओलांडतात आणि पलीकडच्या काठावर पीएनसी पार्क या बेसबॉल मैदानाच्या दाराशी पोचतात. कोल्हापुरात बसून हे दृश्य मी इतक्यांदा पडद्यावर पाहिलं होतं की त्या पुलाचे पिवळे कठडे मला पाठ झाले होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये अखेर स्वतः गेलो, तर पूल दुरुस्तीला काढलेला.

"शेजारचा वॉरहॉल पूल आहे की. तोही तसाच आहे, चल," मित्र म्हणाला.

नदीवर एकसारखे तीन पूल ओळीने उभे आहेत. त्यांना इथे तीन बहिणी म्हणतात. मधल्या बहिणीवरून आम्ही निघालो. नदीवरून येणारा वारा कानाला झोंबत होता, समोर मैदानाचे दिवे लागले होते, आणि तीस वर्षांनी मी माझ्या संघाचा, पिट्सबर्ग पायरेट्सचा, सामना पाहायला चाललो होतो.

१९९० ते १९९२ या काळात मी या शहरात धातुशास्त्र शिकलो. पोलादाचं शहर म्हणून आलो होतो, पण मी आलो तेव्हा पोलाद संपत आलं होतं. होमस्टेडचा प्रचंड कारखाना १९८६ मध्येच बंद पडला होता. ग्रीनफील्ड भागात ज्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होतो, ते आजोबा त्याच कारखान्यात उभी हयात काढलेले, स्लोव्हाक कुटुंबातले. त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर रेडिओ असे आणि रेडिओवर पायरेट्सचा सामना. बेसबॉलच्या मुख्य लीगचा सामना रेडिओवरून पहिल्यांदा ऐकवला गेला तो याच शहरातून, केडीकेए केंद्रावरून, ५ ऑगस्ट १९२१ ला. आजोबा ही तारीख आपल्या घरातल्या लग्नाच्या तारखेसारखी सांगत. मला बेसबॉल कळलं ते त्या टेबलावर, डोळ्यांनी नाही, कानांनी. चेंडू किती आत आला, किती बाहेर गेला, हे निवेदकाच्या आवाजाच्या पट्टीवरून ओळखायला मी तिथे शिकलो.

आणि राय व्हिस्कीही तिथेच पहिल्यांदा चाखली. संघ जिंकला की आजोबा दोन छोटे पेले काढत. बाटली ओल्ड ओव्हरहोल्टची. लेबलवर कपाळाला आठ्या घातलेल्या एका म्हाताऱ्याचं चित्र. "हा माणूस इथला, आपल्या बाजूचा," आजोबा म्हणत, "पण आतली दारू आता केंटकीत होते." हे सांगताना त्यांचा आवाज जसा होई, तसाच होमस्टेडचं नाव काढल्यावर होई.

राय म्हणजे आपली राई नव्हे, हे आधी सांगायला हवं. फोडणीतल्या मोहरीशी तिचा काही संबंध नाही. राय हे गव्हाच्या नात्यातलं धान्य. हलक्या, निकस जमिनीत येतं, कडाक्याची थंडी सोसतं, शरदात पेरलं की बर्फाखाली तग धरून उन्हाळ्यात कापणीला येतं. आपल्याकडे डोंगरउतारावरच्या शेतकऱ्याला नाचणी जशी, तशी युरोपातल्या गरीब शेतकऱ्याला राय. पेन्सिल्व्हेनियात आलेल्या जर्मन वसाहतवाल्यांनी ती बरोबर आणली. भाकरी होऊन उरलेल्या रायची ते दारू गाळत. मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्यात ही गाळण्याची कला इतकी वाढली की 'मोनोंगाहेला राय' हे साऱ्या देशात व्हिस्कीचं नाव झालं. कॉर्नची गोडसर बर्बन पुढे अमेरिकेची ओळख बनली. त्याआधी पूर्वेकडच्या पेल्यात राय होती.

पुलावरच्या त्या संध्याकाळच्या आदल्या दिवशी, सोमवारी, सामना नव्हता. मित्राने गाडी काढली आणि आम्ही आग्नेयेला तासाभराच्या अंतरावरच्या वेस्ट ओव्हरटनला गेलो. लेबलवरचा तो म्हातारा, एब्राहम ओव्हरहोल्ट, याच गावचा. हे मेनोनाइट पंथाचं कुटुंब. शेतावर राय पिकवायची आणि तिथेच भट्टीत उतरवायची. कंपनी आपल्या स्थापनेचं वर्ष १८१० सांगते. लाल विटांच्या इमारती अजून उभ्या आहेत, आणि त्यांच्याजवळ झऱ्यावर बांधलेलं एक लहानसं दगडी घर. १८४९ मध्ये त्या घरात ओव्हरहोल्टचा नातू जन्मला, हेन्री क्ले फ्रिक. पुढे कोळसा आणि पोलाद यांतून तो अफाट श्रीमंत झाला. होमस्टेडच्या १८९२ च्या संपात कामगारांवर खासगी पहारेकऱ्यांची फौज पाठवणारा फ्रिक तो हाच. म्हणजे आजोबांच्या टेबलावरची बाटली आणि आजोबांचा कारखाना, दोन्हींच्या मागे एकच घराणं. ते दगडी घर बघताना हे माझ्या ध्यानात आलं आणि मी बराच वेळ तिथून हललो नाही. आजोबांना हे माहीत असणारच. ते कधी बोलले नाहीत.

या भागात दारू आणि सरकार यांचं भांडण फार जुनं आहे. १७९१ मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टनने नव्या देशाचं कर्ज फेडायला गाळलेल्या दारूवर कर बसवला. डोंगरापलीकडच्या या शेतकऱ्यांसाठी व्हिस्की म्हणजे चैन नव्हती. ॲलेघेनीचे घाट चढून धान्याची पोती पूर्वेच्या बाजारात न्यायची तर घोड्याच्या पाठीवर मावणार किती आणि त्याचे मिळणार किती? तेच धान्य दारूच्या रूपात नेलं तर एका घोड्यावर कितीतरी पट किमतीचा माल जाई. रोख पैसा दुर्मीळ, म्हणून मजुरी आणि उधारीही व्हिस्कीत चुकती होई. अशा माणसांकडे सरकारने रोख कर मागितला. १७९४ च्या जुलैत करवसुलीचा प्रमुख जनरल जॉन नेव्हिल याचं घर जाळलं गेलं. वॉशिंग्टनने सुमारे १३,००० शिपाई गोळा केले आणि वाटेचा एक टप्पा स्वतः त्यांच्याबरोबर आला. लढाई झालीच नाही, बंडखोर पांगले. देशद्रोहाचा गुन्हा सिद्ध झाला तो दोघांवर. त्यातला एक फिलिप विगल. दोघांनाही वॉशिंग्टनने माफी दिली. जेफरसनच्या कारकिर्दीत, १८०२ मध्ये, तो कर रद्द झाला.

हे वाचताना मराठी माणसाला ठाणे आणि कुलाबा हे जिल्हे आठवायला हवेत. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आणि १८९२ चा मोहाचा कायदा यांनी तिथल्या आदिवासींच्या दारातलं मोहाचं फूल गुन्ह्याच्या यादीत नेलं. तिथे माफी नव्हती आणि अकरा वर्षांत कर उठला असंही झालं नाही. विगलचं नाव आज बाटलीवर छापलं जातं. आपल्याकडे मोह गाळल्याबद्दल दंड भरलेल्या, तुरुंगात गेलेल्या माणसांची नावं कुणी लिहून ठेवलीत? ती शोधायला हवीत.

बुधवारी दुपारी आम्ही स्ट्रिप डिस्ट्रिक्टमध्ये गेलो. मासळी, चीज, मसाले आणि भाजीच्या जुन्या वखारींचा हा भाग. २०१२ मध्ये इथे विगल व्हिस्की सुरू झाली, त्याच फिलिप विगलच्या नावाने. १९२० च्या दारूबंदीनंतर शहरात लागलेली ही पहिली भट्टी. काचेपलीकडे तांब्याचं भांडं चकाकत होतं, आणि सगळीकडे गरम आंबोणाचा वास भरून राहिला होता. लहानपणी गूळ करताना गुऱ्हाळात शिरलं की जसा वास अंगाला चिकटतो, तसा.

पहिला पेला पांढऱ्या रायचा होता. पिंपात न ठेवता थेट भट्टीतून आलेली, पाण्यासारखी स्वच्छ. पेला नाकाजवळ नेऊन तोंड किंचित उघडं ठेवायचं, म्हणजे दारूचा झणका बसत नाही आणि धान्याचा वास कळतो. ओल्या गवताचा वास आला, मग भिजवलेल्या पिठाचा. घोट घेतला तर जिभेच्या टोकाला गोड, मध्यावर मिरं, आणि गिळल्यावर घशात काहीतरी शहाजिऱ्यासारखं रेंगाळलेलं. लाकूड नाही, रंग नाही. धान्य काय बोलतं ते ऐकायचं असेल तर ही राय चाखावी. बरेच लोक तिला कच्ची म्हणून बाजूला सारतात. मला ते पटत नाही. हुरडा हा कच्चा असतो म्हणून काय कमी असतो?

दुसरा पेला पिंपात राहिलेल्या रायचा. अमेरिकेत राय व्हिस्की म्हणवून घ्यायला धान्यात निदान ५१ टक्के राय लागते, आणि ती आतून जाळून काळ्या केलेल्या नव्या कोऱ्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते. निदान दोन वर्षं राहिली की 'स्ट्रेट' म्हणता येतं. १८९७ च्या कायद्याने ठरवलेली 'बॉटल्ड इन बाँड' ही वरची पायरी: चार वर्षं आणि नेमकं ५० टक्के मद्यार्क. मोनोंगाहेला पद्धतीत राय भरपूर, सोबतीला मोड आणून वाळवलेला जव, आणि कॉर्न नाहीच किंवा अगदी थोडं. म्हणून ती कोरडी लागते, करारी लागते. रायचं आंबोण चिकट होतं, फेसाळून वर येतं, भांड्याला करपतं. भट्टीवाल्याची परीक्षा पाहणारं धान्य आहे हे. या दुसऱ्या पेल्यात मिरं होतंच, पण आता त्याच्याभोवती लवंग, भाजलेल्या गुळाची चव आणि सुकलेल्या संत्र्याच्या सालीचा कडवटपणा जमला होता. मी पाण्याचे चार थेंब टाकले. शहाजिरं पुन्हा वर आलं. पांढऱ्या रायमध्ये जे भेटलं होतं, ते इतक्या काळानंतरही आत तसंच होतं.

मित्र गाडी चालवणार म्हणून त्याने फक्त वास घेतला. "आजोबांना हे आवडलं असतं," तो म्हणाला. तोही त्या घरात माझ्याबरोबर राहिलेला.

आजोबांची शेवटची आठवण १४ ऑक्टोबर १९९२ ची आहे. त्या तीन वर्षांत पायरेट्स सलग तीनदा विभागाचे विजेते झाले होते. अटलांटात सातवा, निर्णायक सामना. शेवटच्या डावापर्यंत आपण २-० ने पुढे. जागतिक मालिका एक बळी दूर होती. अटलांटाच्या फ्रान्सिस्को कॅब्रेराने चेंडू डावीकडे मारला आणि सिड ब्रीम, जो दोन वर्षांपूर्वीपर्यंत आपल्याच संघात होता, दुखऱ्या गुडघ्यांनी धावत येऊन पाटीवर घसरला. ३-२. आजोबांनी रेडिओ बंद केला. एरवी जिंकल्यावरच निघणारे दोन पेले त्यांनी त्या रात्री हरल्यावर काढले. डिसेंबरात मी भारतात परतलो. त्यानंतर पायरेट्स सलग २० मोसम निम्म्याहून अधिक सामने हरत राहिले, १९९३ ते २०१२. त्या काळात आजोबा गेले.

मी कोल्हापुरात फाउंड्रीच्या धंद्यात पडलो, आणि इंटरनेटवर सामने ऐकू येऊ लागल्यावर पहाटे चारला उठायला लागलो. तिथल्या संध्याकाळचा सामना आपल्या पहाटेचा असतो. घरच्यांनी कधी कारण विचारलं नाही. ज्या गावात पेठेचा फुटबॉल संघ हरला तर घरात चूल उशिरा पेटते, तिथे हे समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीसाठी ओरडणारा माणूस संघाचा जमाखर्च बघून ओरडत नाही.

२०२३ चा मोसम सुरू झाला तो अँड्र्यू मॅककचन परत आल्याच्या आनंदात. हा या शहराचा लाडका खेळाडू. २००९ ते २०१७ इथे खेळला, २०१३ मध्ये लीगचा सर्वोत्तम ठरला, मग दुसऱ्या संघांकडे गेला. छत्तिशीत तो घरी आला. ११ एप्रिलला कोरियातून आलेल्या जी-ह्वान बे या पोराने गतवर्षीच्या विजेत्या ह्यूस्टनविरुद्ध शेवटच्या डावात होमरन मारून सामना संपवला, तेव्हा मी पहाटे एकटाच टाळ्या वाजवत होतो. मी पिट्सबर्गला पोचलो तोपर्यंत संघाने सलग सात सामने जिंकले होते.

मंगळवारी, पुलावरून चालत गेलो त्या संध्याकाळी, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी ती साखळी तोडली. तरी मला मैदान बघून भरून आलं. पीएनसी पार्क २००१ चं आहे. उजवीकडची भिंत २१ फूट उंच, कारण क्लेमेंटेचा क्रमांक २१. पोर्तो रिकोतून आलेला हा माणूस १८ मोसम इथे खेळला, बरोब्बर ३,००० हिट त्याच्या नावावर झाल्या, आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेल्या विमानाच्या अपघातात तो गेला. भिंतीपलीकडे नदी, नदीपलीकडे पिवळे पूल आणि उंच इमारती. खेळाचं यापेक्षा सुंदर मैदान मी पाहिलेलं नाही.

आपल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना २००८ मध्ये करारबद्ध केलं तेही याच संघाने. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळालेले ते पहिले भारतीय. मुख्य संघापर्यंत दोघेही पोचले नाहीत. तिथवर पोचणं किती अवघड असतं हे बुधवारी रात्री माझ्या डोळ्यांसमोर आलं.

ड्रू मॅगी हे नाव मी सोमवारी गाडीत पहिल्यांदा ऐकलं. पायरेट्सनी त्याला २०१० मध्ये निवडलं होतं. तेव्हापासून तो या संघाच्या, त्या संघाच्या खालच्या लीगमध्ये खेळत राहिला. तेरा मोसम. अकराशेहून अधिक सामने. मुख्य लीगमध्ये एकही नाही. वय ३३. रविवारी त्याला बोलावणं आलं. आल्टूनाच्या संघाच्या खोलीत प्रशिक्षकाने ही बातमी सांगितली आणि सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडली, त्याचं चित्रण मित्राने मला फोनवर दाखवलं.

२६ एप्रिल, आठवा डाव. पायरेट्स आरामात पुढे. फलंदाजीला येणार होता मॅककचन. त्याच्या जागी मॅगी बाहेर आला. आधी आमच्या मागची एक बाई उभी राहिली, मग रांग, मग सगळं मैदान. त्या वर्षी बेसबॉलमध्ये नवा नियम आला होता. प्रत्येक चेंडूआधी घड्याळाचे सेकंद मोजले जातात. पण त्या क्षणी कुणाला घाई नव्हती. मॅगी पाटीजवळ उभा, डोळे वर करून सगळीकडे बघत होता. प्रेक्षकांत त्याचे आईवडील होते. मी मित्राचा दंड घट्ट धरला होता आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही.

तो बाद झाला. तिसरा स्ट्राइक हुकला. मैदान पुन्हा उभं राहिलं आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने टाळ्या वाजल्या. बाद झालेल्या माणसासाठी अशा टाळ्या मी आजवर ऐकल्या नव्हत्या. डगआउटमध्ये त्याचे सोबती त्याला मिठ्या मारत होते.

सामना जिंकला. फडक्यावर कवटी आणि तलवारी असलेला चाच्यांचा झेंडा वर चढला. आम्ही मित्राच्या घरी गेलो. वहिनींनी मसालेभात गरम ठेवला होता. जेवणाआधी दुपारी घेतलेली रायची बाटली उघडली, आता मित्रानेही पेला धरला. तिसरा पेला आजोबांसाठी भरून टेबलावर ठेवला.

एप्रिलअखेर पायरेट्सचे २० विजय आणि ९ पराभव झाले होते. मे महिन्यात संघ घसरला, आणि मोसम संपला तेव्हा ७६ विजय आणि ८६ पराभव. हे आकडे लोक मला ऐकवतात तेव्हा मी मान डोलावतो. पण तो एप्रिल मी पाहिला आहे, आणि तो ऑक्टोबरच्या हिशेबात जमा धरायचा की वजा, हा प्रश्न मला पडत नाही. पांढरी राय मी पिंपाची उधारी म्हणून प्यायलो नव्हतो.

शनिवारी, २९ तारखेला, परतीच्या बॅगा भरताना स्वयंपाकघरात रेडिओ लावलेला होता. वॉशिंग्टनमध्ये ड्रू मॅगीने मुख्य लीगमधली आपली पहिली हिट मारली.